प्रत्यारोपित हृदयाची झडप गळते आहे : ऑपरेशन करावं का, कधी, आणि कुणाकडून?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, पण सगळं सांगितलं तर उत्तरं नेमकी मिळतील.

माझ्या दादाचं हृदयप्रत्यारोपण २०१७ साली मुंबईत झालं. त्याचं स्वतःचं हृदय कार्डिओमायोपॅथीने (हृदयाच्या स्नायूच्या आजाराने) फुगून निकामी झालं होतं. प्रत्यारोपणानंतर तो खरोखर उभा राहिला. दुकानात बसतो, हिशोब बघतो, लेकीच्या शाळेतल्या पालकसभा चुकवत नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या एवढ्या औषधांवर गाडी छान चालली होती.

गेल्या दिवाळीनंतर त्याचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतून खोल वळ उठायचा. मग पोट फुगायला लागलं, जेवण कमी झालं, आणि वहिनीच्या लक्षात आलं की बसल्या बसल्या त्याच्या मानेवरची शीर ठसठशीत उडताना दिसते. इको केला. डावी बाजू उत्तम, पंपिंग ६० टक्के. पण ट्रायकस्पिड झडपेची तीव्र गळती, आणि झडपेचं एक पान सुटून उलट्या दिशेला फडफडतंय असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. लघवीच्या गोळ्या वाढवत नेल्या तसं क्रिएटिनिन (मूत्रपिंडावर ताण आला की रक्तात वाढतं ते) १.४ वरून १.९ वर गेलं.

आमच्या कराडच्या डॉक्टरांचं मत, ‘गोळ्यांवर काढू, एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडणं सोपं नाही.’ प्रत्यारोपण केलेली टीम म्हणते, ‘ऑपरेशन करा, आणि फार थांबू नका.’ दोघांवरही आमचा विश्वास आहे, म्हणूनच कोंडी झाली आहे. कुणी यातून गेलंय का? वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांनी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील.

---

तळटीप

ताई, दादांना लवकर बरं वाटो. जाणकारांना एक साधा प्रश्न : दात्याचं हृदय तर नीट तपासून घेतात ना? मग निरोगी हृदयातली झडप काही वर्षांत खराब कशी होते?

---

मंद्रसप्तक

मी हृदयशस्त्रक्रियेतली भूलतज्ज्ञ. आता निवृत्त आहे, पण प्रत्यारोपणाचे आणि नंतरच्या गुंतागुंतीचे रुग्ण सांभाळले आहेत. तळटीप यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण गळती कशामुळे आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

प्रत्यारोपित हृदयात सगळ्यांत जास्त त्रास देणारी झडप ट्रायकस्पिडच. ती उजव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) आणि उजव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) मध्ये असते. तिच्या गळतीची कारणं बरीच आहेत.

एक कारण मूळ टाक्यांत असतं. लोअर आणि शमवे या अमेरिकी सर्जननी बसवलेल्या जुन्या पद्धतीत रुग्णाच्या स्वतःच्या कर्णिकांचा मागचा भाग तसाच ठेवून त्याला दात्याच्या कर्णिका शिवत. कर्णिका मोठी आणि वेडीवाकडी व्हायची, झडपेचं कडं ताणलं जायचं. चौकट वाकली की दाराची फळी कितीही चांगली असली तरी दार लागत नाही, तसं. (अशा रुग्णांच्या ईसीजीत कधीकधी दोन वेगळे पी-तरंग दिसतात, एक जुन्या कर्णिकेचा, एक नव्या हृदयाचा.) १९९० च्या दशकापासून बहुतेक केंद्रं दोन्ही महाशिरा थेट जोडतात, त्याला बायकेव्हल पद्धत म्हणतात. तिच्यामुळे गळतीचं प्रमाण बरंच कमी झालं.

दुसरं कारण बायोप्सी. कृष्णाकाठ, तुमच्या दादांच्या बाबतीत माझा पहिला संशय यावर आहे. शरीर नवं हृदय नाकारतंय का, हे बघायला मानेच्या शिरेतून बायोप्टोम नावाची लांब, बारीक चिमटी उजव्या जवनिकेत नेतात आणि स्नायूचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे घेतात. पहिल्या वर्षात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, सुरुवातीला तर दर आठवड्याला. वाट ट्रायकस्पिड झडपेतूनच जाते. झडपेची पानं ज्या तंतूंनी आतल्या स्नायूला बांधलेली असतात त्यांपैकी एखादा तंतू चिमटीत सापडला की पान मोकळं सुटतं. पान उलट्या दिशेला फडफडतंय म्हणजे बहुधा हेच. यात कुणाचा हलगर्जीपणाच असतो असं नाही, अनुभवी हातांकडूनही होतं. जुने बायोप्सी रिपोर्ट काढून बघा. नमुन्यात तंतूची ऊती आल्याची नोंद पॅथॉलॉजिस्ट कधीकधी करतात.

याशिवाय फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असणं, उजवी जवनिका थकणं, नकाराचे झटके, जंतुसंसर्ग हीही कारणं असतात. म्हणून ऑपरेशनआधी ‘झडप का गळते’ याचं उत्तर कागदावर आलं पाहिजे. उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन करून, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, दाब मोजायचे, बायोप्सी आणि दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी बघून नकार चालू नाही याची खात्री करायची, आणि अँजिओग्राफी करायची. प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू आतून जाड होत जातात. मज्जातंतू तुटलेले असल्याने बहुतेकांना छातीत दुखत नाही, त्यामुळे ब्लॉक असला तरी रुग्णाला पत्ता लागत नाही. मूळ दुखणं नकाराचं किंवा रक्तवाहिन्यांचं असेल आणि आपण नुसती झडप शिवली, तर रुग्णाला ऑपरेशनचा ताण सोसावा लागतो आणि हाती काहीच लागत नाही.

आता थांबावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. सौम्य-मध्यम गळती असलेले कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्यांवर मजेत राहतात, त्यांना हात लावायचा नसतो. पण गळती तीव्र, पान सुटलेलं, पोटात पाणी, लघवीच्या गोळ्या वाढवल्या की मूत्रपिंड कुरकुरतंय, अशा वेळी थांबण्याने काहीच सोपं होत नाही. रक्त मागे साचून यकृत सुजतं, मूत्रपिंडाला टॅक्रोलिमसचा त्रास असतोच, त्यात हा भर. उजवी जवनिका एकदा ढेपाळली की नवी झडप बसवूनही ती उचल घेत नाही. या ऑपरेशनचे निकाल वाईट लागतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, रुग्ण फार उशिरा टेबलावर येतो.

कराडच्या डॉक्टरांची भीती मात्र खोटी नाही. त्यावर उद्या लिहिते.

---

माणदेशी

कृष्णाकाठ ताई, आमच्या चुलत्यांना हृदयाचाच त्रास होता, त्यांना अर्जुनाच्या सालीचा आणि गुळवेलीचा काढा मानवला. निसर्गाचं आहे, अपाय नाही. ऑपरेशनआधी महिनाभर देऊन बघायला काय हरकत आहे?

---

दुसरा_डाव

माणदेशी, तुमची तळमळ समजते, पण कृपा करून हे देऊ नका. मी स्वतः प्रत्यारोपित हृदयावर जगतोय, चेन्नईत झालं माझं. आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, तेव्हाच परकं हृदय शरीरात टिकतं. प्रतिकारशक्ती चाळवणारं काहीही घेणं म्हणजे नकाराला निमंत्रण. गुळवेल तर त्यासाठीच घेतात. करोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्धही केलं होतं.

आणि पपनस! आमच्या कोकणात परसात झाड असतं, लोक प्रेमाने सोलून देतात. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्लं की टॅक्रोलिमस शरीरात साठतं, पातळी वर जाते आणि मूत्रपिंडावर येतं. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या गोळ्यांचंही तसंच. क्लॅरिथ्रोमायसिन हे त्यातलं नेहमी भेटणारं नाव. गावातल्या डॉक्टरांनी काहीही नवीन लिहून दिलं तरी आमच्या घरचा नियम असा, आधी प्रत्यारोपण समन्वयकाला फोन, मग गोळी.

---

माणदेशी

हे ठाऊक नव्हतं. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

---

मंद्रसप्तक

दुसरा_डाव यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

आता ऑपरेशनच्या धोक्याबद्दल. प्रत्यारोपणानंतर छातीत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. उरोस्थीच्या मागे हृदय किंवा महारोहिणी अगदी चिकटून असेल तर हाड कापतानाच रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन करून अंतर मोजतात आणि गरज वाटली तर हाड उघडण्याआधीच जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन जोडून ठेवतात. ट्रायकस्पिडपुरतंच काम असेल तर उजव्या बरगड्यांमधून, हृदय धडधडतं ठेवून ऑपरेशन करणारेही सर्जन आहेत. त्यात जुन्या चिकटलेल्या भागाशी झटापट कमी होते. दादांच्या बाबतीत ते शक्य आहे का, हे जरूर विचारा.

माझ्या बाजूचं म्हणजे भुलेचं सांगते. प्रत्यारोपित हृदयाला मेंदूकडून येणारी व्हेगस नस तुटलेली असते, म्हणून विश्रांतीतही नाडी ९०-१०० च्या आसपास असते. नाडी मंदावली की आम्ही सवयीने अॅट्रोपिन देतो, पण इथे ते काम करत नाही. आयसोप्रिनॅलिन, अॅड्रिनॅलिन किंवा पेसिंग (विजेने हृदयाला ठोके देणं) हाताशी लागतं. उलट अॅडिनोसिनचा (वेगाने धावणारी नाडी आवरायच्या औषधाचा) परिणाम नेहमीपेक्षा जास्त होतो, नेहमीच्या मात्रेने हृदय बराच वेळ थांबू शकतं. हे ठाऊक असलेला माणूस रात्री तीन वाजता अतिदक्षता विभागात हजर असायला हवा. म्हणून हे ऑपरेशन प्रत्यारोपण केंद्रातच करा. गावाजवळचा सर्जन कितीही निष्णात असला तरी. नुसता निष्णात झडप-सर्जन पुरत नाही, सोबत औषधांची पातळी सांभाळणारा प्रत्यारोपण फिजिशियन हवा, नकार वाचता येणारा पॅथॉलॉजिस्ट हवा.

आणखी एक. काही रुग्णांना मूत्रपिंड वाचवायला सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस देतात. त्या गोळ्यांनी जखम लवकर भरत नाही. दादा त्यावर नाहीत असं दिसतं, पण हा धागा आणखी कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा, ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी त्या बदलाव्या लागतात. आपल्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत.

---

अटकेपार

शिकागोत इको विभागात काम करते. रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट. उजव्या जवनिकेची ताकद बघायला ‘टॅप्सी’ नावाचं माप घेतात, झडपेचं कडं किती वरखाली होतं ते. प्रत्यारोपणानंतर जवनिका ठीक चालत असतानाही हे माप कमीच येतं. त्यामुळे केवळ टॅप्सी कमी आहे म्हणून ‘उजवी बाजू गेली, आता ऑपरेशनचा उपयोग नाही’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. दुसरी मापं, शक्य असेल तर एमआरआय, आणि कॅथेटरवरचे दाब एकत्र बघून निर्णय होतो.

---

तळटीप

छाती न उघडता क्लिप लावतात असं वाचलं. दादांसाठी ते चालणार नाही का? धोका टाळता येत असेल तर थोडं थांबून तोच मार्ग का धरू नये?

---

अटकेपार

इथे अमेरिकेत ट्रायकस्पिडसाठी २०२४ मध्ये दोन साधनांना मंजुरी मिळाली, फेब्रुवारीत ‘इव्होक’ ही कॅथेटरने बसवायची झडप आणि एप्रिलमध्ये ‘ट्रायक्लिप’. प्रत्यारोपित हृदयातही क्लिप लावल्याच्या, आणि महारोहिणीची झडप कॅथेटरने बदलल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण त्या बहुतांशी एकेका रुग्णाच्या कहाण्या आहेत. क्लिप दोन पानं चिमटीत धरून जोडते, त्यासाठी पानं जवळ यायला हवीत. पान सुटून मधली फट रुंद झाली असेल तर पकडच मिळत नाही. शिवाय अन्ननलिकेतून घेतलेल्या इकोवर सगळं काम चालतं, आणि प्रत्यारोपित हृदय छातीत थोडं फिरून बसलेलं असतं, त्यामुळे नेहमीच्या कोनांतून चित्र नीट मिळेलच असं नाही.

---

मंद्रसप्तक

क्लिपचा विचार जरूर व्हावा, विशेषतः ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही त्यांच्यासाठी. पण ‘नवं तंत्र येईल’ म्हणून तीव्र गळती घेऊन बसणं मला पटत नाही. तोवर यकृत आणि मूत्रपिंड थांबणार नाहीत.

---

कृष्णाकाठ

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले. जुने बायोप्सी रिपोर्ट काढले. एका रिपोर्टमध्ये खरंच तंतूच्या ऊतीचा उल्लेख आहे! तेव्हा आमच्यातल्या कुणाला त्या ओळीचा अर्थ माहीत नव्हता.

मंद्रसप्तक ताई, अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. झडप दुरुस्त करायची की बदलायची? आणि बदलली तर धातूची की प्राण्याच्या ऊतीची? धातूची जन्मभर टिकते, म्हणून ती घ्यावी असं दादाचं म्हणणं आहे.

---

मंद्रसप्तक

दुरुस्ती जमली तर उत्तम. कडं ताणलं असेल तर त्यात रिंग बसवून ते आवळतात, किंवा डी व्हेगा पद्धतीने नुसत्या टाक्यांनी. काही केंद्रं तर प्रत्यारोपणाच्या वेळीच दात्याच्या ट्रायकस्पिडला असे टाके आधीच घालून ठेवतात. सुटलेल्या पानाला कृत्रिम तंतू लावता येतात. पण तंतू बरेच तुटले असतील, पान आखडलं असेल, तर अर्धवट दुरुस्तीपेक्षा बदललेली बरी. दुरुस्ती फसली तर तिसऱ्यांदा आत जावं लागेल, ते कुणालाच नको असतं. हा निर्णय सर्जन पान प्रत्यक्ष बघूनच घेतो, त्याला ती मोकळीक द्या.

धातूच्या झडपेचं म्हणाल तर, प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ट्रायकस्पिडच्या जागी ती शक्यतो बसवत नाहीत. उजव्या बाजूला दाब कमी, रक्त संथ, त्यामुळे गुठळी धरण्याची शक्यता जास्त. जन्मभर वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) आणि तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी आली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, धातूच्या झडपेतून बायोप्टोम आत नेता येत नाही, म्हणजे पुढे नकाराची शंका आली तर नेहमीच्या वाटेने तपासणी बंद. ऊतीची झडप काळजीपूर्वक ओलांडता येते, आणि काही वर्षांनी ती झिजली तर तिच्याच आत कॅथेटरने दुसरी बसवण्याची सोय राहते. दादांना हे सगळं नीट समजावून सांगा, त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पुढच्या बायोप्सी लांब शीथमधून (चिमटीभोवतीच्या नळीतून) करायला सांगा. शीथ झडपेच्या पलीकडे नेऊन ठेवली की चिमटी दरवेळी झडपेच्या तंतूंना घासत जात नाही. रक्तातल्या दात्याच्या डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचण्याही आता आहेत, त्यांनी बायोप्सींची संख्या कमी करता येते. तुमच्या केंद्रात मिळते का आणि परवडते का, ते विचारा.

---

चिंतामणी_कोथरूड

खर्चाबाबत लिहितो, कारण तो प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भरती होण्याच्या आधीच भेटा, बिल झाल्यावर नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही डॉक्टरांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह आधीच करता येतो. कुठल्या खिडकीवर काय लागतं ते मला माहीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी सोबत येईन.

---

सायली_ठाणे

मी वेगळ्या बाजूने लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाचे अवयव आम्ही अपघातानंतर दान केले. हृदय कुणाला दिलं हे आम्हाला सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण असा धागा वाचला की वाटतं, ज्याला कुणाला ते मिळालं असेल त्याच्यासाठीही कुणीतरी इतकीच धडपड करत असेल. कृष्णाकाठ, आमच्यासारख्या घरांना याचा फार आधार वाटतो.

---

दुसरा_डाव

सायलीताई, तुम्हाला आणि आईबाबांना नमस्कार. माझ्या घरी दात्याच्या नावाने दरवर्षी दिवा लावतात. नाव माहीत नाही, तरी लावतात.

---

मंद्रसप्तक

हा प्रश्न आपल्याकडे आत्ताच का ऐकू येऊ लागलाय, तेही सांगते. मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच, म्हणजे केपटाऊनचे सर्जन बर्नार्ड यांनी केलेल्या माणसाच्या हृदयाच्या जगातल्या पहिल्या प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांतच प्रयत्न केला होता. तो रुग्ण वाचला नाही. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ रोजी केलं. मुंबईत मात्र हे काम पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडलं, तेव्हा हृदय पुण्याहून ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळ्या केलेल्या वाटेने, आलं होतं. ट्रायकस्पिडची अशी गळती बऱ्याचदा काही वर्षांनी त्रास देऊ लागते. म्हणजे आपल्या शहरांतले रुग्ण आता कुठे त्या टप्प्यावर येताहेत. त्यामुळे टीमला बेधडक विचारा : प्रत्यारोपित हृदयावर झडपेचं ऑपरेशन तुम्ही याआधी केलंय का? केलं नसेल तर ज्यांनी केलंय त्यांच्याशी बोलाल का? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

---

कृष्णाकाठ

मंडळी, कळवायला उशीर झाला.

सगळ्या तपासण्या झाल्या. नकार नाही, रक्तवाहिन्या ठीक, फुप्फुसाचा दाब फारसा वाढलेला नाही. कराडचे डॉक्टर आणि मुंबईची टीम यांचं फोनवर सविस्तर बोलणं झालं. दाबांचे आकडे बघितल्यावर कराडचे डॉक्टर स्वतःच म्हणाले, आता करून घ्या. आधी दादाला भरती करून शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी उतरवलं, मग ऑपरेशन. बरगड्यांमधून करता आलं. पान दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, त्यामुळे ऊतीची झडप बसवली. मूत्रपिंडाने दोन-तीन दिवस घाबरवलं, डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण लागलं नाही. क्रिएटिनिन आता १.५ आहे. टॅक्रोलिमसची पातळी ऑपरेशननंतर खालीवर होत होती, रोज तपासून मात्रा बदलत होते.

आता घरी आहे. पोट उतरलंय, भाकरी मागून घेतो. मानेची ती शीर आता दिसत नाही. रोज सकाळी वजन करून वहिनी वहीत लिहिते, एकदम वाढलं तर फोन करायला सांगितलंय.

एक शंका : त्याची एक दाढ किडली आहे. ती आत्ताच काढायची की थांबायचं?

---

मंद्रसप्तक

वा, फार आनंद झाला!

दाढेची घाई करू नका, पण दुर्लक्षही नको. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दात काढण्याआधी अँटिबायोटिकची एक मात्रा घ्यावी लागते, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. दादांची प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून जास्तच काळजी. शिवाय सध्या रक्त पातळ करणारं औषध चालू असेल. दंतवैद्यांना प्रत्यारोपणाचं आणि झडपेचं दोन्ही सांगा, आणि तारीख टीमला विचारूनच घ्या. दुखत असेल, सूज किंवा ताप असेल तर मात्र आजच फोन करा.

---

कृष्णाकाठ

ताप नाही, सूजही नाही. उद्या समन्वयकांना फोन करून तारीख विचारते.